उचकी दोन दिवसांत थांबली नाही तर...

मराठीत उचकीला पाठवणारा असतो. ताप येतो, खोकला होतो, पोट बिघडतं, तेव्हा आपण "काय खाल्लं होतंस?" असं विचारतो. उचकी लागली की मात्र "कोण आठवण काढतंय?" असं विचारतो. मग नावं घ्यायला सुरुवात. नव्या सुनेला उचकी लागली की माहेरची नावं, पुण्यात नोकरीला असलेल्याला लागली की गावाकडची नावं. ज्या नावावर उचकी थांबेल, तो आठवण काढणारा! लहानपणी बारामतीला आमच्याकडे हा खेळ फार रंगायचा. पाणी प्यायचं सोडून आम्ही आधी नावंच घ्यायचो. आणि खरं सांगू का, आठ-दहा नावं होईपर्यंत साधी उचकी आपली आपण थांबते. त्यामुळे हा खेळ कधी फसत नाही.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडे "आचका" आहे. शेवटचे आचके दिले, असं म्हणतात तो. म्हणजे एका टोकाला कुणाचीतरी गोड आठवण आणि दुसऱ्या टोकाला थेट मरण. यांच्या मधे काही असू शकतं हे आपल्या बोलण्यात कुठे येतच नाही. आणि मंडळी, आज मला जे लिहायचंय ते नेमकं या मधल्या उचकीबद्दल आहे. दोन दिवस झाले, तीन दिवस झाले, तरी न थांबणारी उचकी. तिच्यावर हसू नका, तिला लिंबूपाणी देत बसू नका, आणि नुसती गोळी देऊन तिचं तोंडही बंद करू नका. ती का लागली ते शोधा. एवढंच माझं मत आहे, पण ते जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात ते फार जवळून बघायला मिळालं.

आधी उचकी म्हणजे काय ते बघू. छाती आणि पोट यांच्या मधे स्नायूंचा एक पडदा असतो, श्वासपटल. डॉक्टर त्याला डायफ्रॅम म्हणतात. तो खाली सरकला की हवा आत येते, वर सरकला की बाहेर जाते. हे दिवसभर गुपचूप चालू असतं. कधीतरी हा पडदा दचकल्यासारखा एकदम आकसतो, हवा झटक्यात आत ओढली जाते आणि त्याच क्षणी, सेकंदाच्या अगदी छोट्या भागात, स्वरयंत्राचं दार धाडकन बंद होतं. त्या बंद होण्याचा आवाज म्हणजे "उच्". बस्स. जेवण घाईत झालं, पोट फुगलं, तिखट जास्त पडलं, गार-गरम एकावर एक प्यायलं, दारू झाली, खूप हसलं, की हे होतं आणि थोड्या वेळात थांबतं. याच्यासाठी कुणी दवाखान्यात जात नाही आणि जाऊही नये.

आता घरगुती उपायांबद्दल. मी त्यांची टिंगल करणाऱ्यांतली नाही. उलट मला त्यांचं कौतुकच वाटतं. श्वास रोखून धरणं, गार पाण्याचे घोट घेणं, चमचाभर साखर चघळणं, जीभ बाहेर ओढणं, कुणीतरी मागून येऊन "भॉ" करणं, ही यादी किती जुनी असेल सांगा? प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मधे, म्हणजे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, नाटककार ॲरिस्टोफेनिसची बोलायची पाळी येते आणि नेमकी त्याला उचकी लागते. शेजारी बसलेला वैद्य त्याला सांगतो की श्वास रोखून धर, नाही थांबली तर पाण्याच्या गुळण्या कर, आणि तरीही नाही थांबली तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. शिंकेनं त्याची उचकी थांबते. आपल्याकडे चरक आणि सुश्रुत या दोघांनीही उचकीबद्दल, म्हणजे 'हिक्का'बद्दल, लिहिलंय. त्यातही अंगावर गार पाणी मारणं, एकदम घाबरवणं, श्वास रोखणं आहेच. अथेन्समधला वैद्य, आपले आयुर्वेदाचार्य आणि निमगाव केतकीतली एखादी आजी हे तिघे एकमेकांना न विचारता जवळपास एकच सांगतात, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असणार.

आणि आहेच. मेंदूच्या बुडापासून निघून घसा, छाती, पोट असा लांबचा प्रवास करणारी एक नस आहे, व्हेगस नावाची. उचकीचा जो फेरा चालू झालेला असतो त्यात ही नस सामील असते. घशात साखरेचे खडे घासले, गार पाणी गेलं, श्वास अडला, की या नसेला दुसरं काम मिळतं आणि फेरा तुटतो. १९७१ साली अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय मासिकात एका चमच्या साखरेनं उचकी थांबते असं डॉक्टरांनी रीतसर छापलंसुद्धा. आता आमच्याकडे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर असे कारखाने आजूबाजूला असताना साखर औषध म्हणून वापरायची अक्कल आम्हाला कुणी शिकवायला नको होती, पण असो. :)

तेव्हा उपाय खोटे नाहीत. फक्त त्यांची मुदत असते. साखर, पाणी, श्वास यांनी जे व्हायचं ते अर्ध्या-एक तासात होतं. तिसऱ्या दिवशी बावीसावा चमचा साखर देऊन नवीन काही घडत नाही. (आणि घरात मधुमेहाचं माणूस असेल तर जे घडतं ते वेगळंच.)

आता आमच्या तात्यांची गोष्ट. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. बारामती-इंदापूर रस्त्याला लासुर्ण्याच्या पुढे त्यांची शेती आहे. वय बहात्तर. ऊस, थोडं डाळिंब, दोन म्हशी. मी हे लिहितेय ते त्यांना विचारून. "लिही की, कुणाचं तरी भलं हुईल," असं म्हणाले, म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी गळीत हंगामाच्या ऐन धामधुमीत त्यांना उचकी लागली. पहिल्या दिवशी नेहमीचंच. टोळीवरचे लोक म्हणाले, "तात्या, कारखान्याचा चेअरमन आठवण काढतोय, बिल काढायचं असंल." दुसऱ्या दिवशी काकूनं साखर, मग आलं-मध, मग शेजारच्या आजीनं मोरपिसाची राख मधातून दिली. तिसऱ्या दिवशी जेवण जाईना. घास तोंडात घेतला की उच्. रात्री डोळा लागला की उच्. काकू सांगत होती की पलीकडच्या खोलीत झोपूनही आवाज यायचा, दर चार-पाच सेकंदाला, भिंतीवरच्या घड्याळासारखा. गावातल्या दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी आणि एक इंजेक्शन झालं. एका औषधाच्या दुकानातून कुणीतरी "उचकीची गोळी" म्हणून एक पाकीट आणून ठेवलं. त्या पाकिटाकडे आपण पुन्हा येऊ.

या सगळ्यात तात्या गप्प होते. लोकांना वाटलं उचकीमुळे बोलवत नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा चेहरा आणि पाय सुजल्यासारखे दिसले, तेव्हा माझा चुलतभाऊ त्यांना गाडीत घालून बारामतीला घेऊन आला. मीही पुण्याहून तिथे पोचले.

डॉक्टरांनी काय केलं ते मला अजून लख्ख आठवतं. त्यांनी उचकीबद्दल आधी काहीच विचारलं नाही. काकूला, वहिनीला आणि मला बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि तात्यांना विचारलं, लघवीला कसं होतंय? हे आम्हाला भावानं नंतर सांगितलं. तात्या बराच वेळ खाली बघत राहिले म्हणे. मग म्हणाले, "सहा महिने झालं त्रास हाय. ह्या आठवड्यात तर थेंब थेंबच."

सहा महिने! घरात मुलगा, सून, बायको, दोन नातवंडं. कुणाला पत्ता नाही. का? तर सुनेसमोर असलं काय बोलायचं, बायकोला सांगितलं तर ती घाबरणार, आणि मुलगा कारखान्याच्या टोळीमागे धावतोय.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती, त्यानं लघवी अडली होती, तुंबलेल्या लघवीचा दाब मागे किडनीवर जात होता आणि किडन्या हळूहळू काम सोडत होत्या. क्रिएटिनिन आठच्या पुढे होतं. निरोगी माणसाचं ते साधारण एकच्या आसपास असतं. किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात साठली की ती मेंदूला आणि नसांना चाळवते, आणि त्याची एक खूण म्हणजे न थांबणारी उचकी. डॉक्टरांनी नळी घातली, लिटरच्या वर लघवी निघाली. सलाईन चालू झालं, तपासण्या चालू झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू एकदम म्हणाली, "आवो, थांबली की हो!" उचकीसाठी वेगळं एकही औषध न देता थांबली होती. पुढे आठवड्याभरात क्रिएटिनिन खाली आलं आणि दोन महिन्यांनी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तात्या आता पुन्हा बांधावर उभे राहून सगळ्यांना शिव्या देतात, म्हणजे एकदम ठणठणीत!

आता त्या पाकिटाबद्दल. त्यात बॅक्लोफेन होतं. हे खरंच उचकीवर दिलं जाणारं औषध आहे, डॉक्टरही देतात, गुण येतो. पण ते शरीराबाहेर जातं मुख्यतः किडनीतून. किडनी बंद पडत आलेल्या माणसाला ते दिलं तर ते साठत जातं, आणि माणूस गुंगीत जातो, बरळायला लागतो, बेशुद्धही पडू शकतो. तात्यांनी ती गोळी "कडू लागंल" म्हणून घेतलीच नव्हती. त्यांच्या हट्टीपणाचा असा उपयोग आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झाला.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: उचकी ही थांबवायची गोष्ट आहे असं समजून आपण चुकीच्या टोकाला हात घालतो. आमच्या भागातल्या माणसाला हे समजावायला फार सोपं आहे. नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघतो, बारामती तालुका ओलांडून इंदापूर तालुक्यात शेवटाला येतो. टेलच्या शेतकऱ्याला पाणी आलं नाही तर दोष त्याच्या चारीत असतो का? कधी असतो. पण कधी वर कुठेतरी दार पाडलेलं असतं, कधी मधे कालवा फुटलेला असतो, कधी धरणातच पाणी नसतं. नुसतं टेलला उभं राहून चारी खोदून काय होणार? उचकीचंही तसंच आहे. आवाज घशात येतो, पण बिघाड मेंदूपासून पोटापर्यंत त्या नसांच्या वाटेवर कुठेही असू शकतो.

कुठे कुठे, तर ऐका. सगळ्यात जास्त वेळा पोटात आणि अन्ननलिकेत: ॲसिड वर येणं, जठराला सूज, पोट खूप फुगणं, आतड्यात अडथळा. ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांना २०२१ च्या जुलैमधे दहा दिवसांहून जास्त उचकी लागली होती, तपासल्यावर आतड्यात अडथळा निघाला. मग यकृतातला गळू किंवा श्वासपटलाखाली साठलेला पू. छातीत न्यूमोनिया. क्वचित हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका. रक्तात सोडियम किंवा पोटॅशियम कमी होणं, साखर फार वाढणं, किडनी निकामी होणं. मेंदूच्या बुडाशी छोटा स्ट्रोक, सूज किंवा गाठ. ऑपरेशननंतर, भूल दिल्यानंतर. कधी तर कानात पडद्याला टेकलेला एखादा केस! (व्हेगसची एक फांदी कानातही जाते, म्हणून.) आणि औषधं. हे फार लोकांना माहीत नसतं. डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडनं उचकी लागते. २०२० आणि २०२१ मधे करोनासाठी हे औषध कितीतरी लोकांना दिलं गेलं. त्याशिवाय काही झोपेच्या आणि मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनीही उचकी लागू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची. सांधेदुखीवर कुठून तरी आणलेली बिननावाची पुडीसुद्धा न्यायची, लपवायची नाही.

ही यादी घाबरवण्यासाठी दिलेली नाही. यातली बरीच कारणं साधी आहेत आणि साध्या तपासण्यांत सापडतात. रक्तात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर. एक ईसीजी, एक छातीचा फोटो, लागली तर सोनोग्राफी. गरज वाटली तर डॉक्टर पुढे एंडोस्कोपी किंवा मेंदूचा स्कॅन सांगतील. डॉक्टरांच्या भाषेत ४८ तासांच्या पुढे गेलेली उचकी म्हणजे "चिवट", आणि महिन्याच्या पुढे गेलेली म्हणजे "दुर्धर". शब्द माझे आहेत, मोजमाप त्यांचं. हे ४८ तास लक्षात ठेवायला सोपे आहेत, म्हणून मी त्याच्यावर एवढी अडून बसते.

आणि काही वेळा ४८ तासही थांबायचं नाही. उचकीबरोबर छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, चालताना तोल जातोय, गिळता येत नाहीये, एका अंगाला बधिरपणा आलाय, उलटीतून रक्त पडतंय किंवा पोट दगडासारखं झालंय, यातलं काहीही असेल तर त्याच क्षणी निघायचं. अशा माणसाच्या तोंडात साखर-पाणीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि कुणी डोळे दाबा, मानेची शीर चोळा असं सांगितलं तर वयस्कर माणसावर हे प्रयोग करू नका. त्यानं हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात.

आता माझं दुसरं म्हणणं, आणि ते जास्त मनापासूनचं आहे. मधे मी मुद्दाम चरकसंहितेतल्या उचकीच्या प्रकरणाबद्दल वाचलं. तिथे हिक्का आणि श्वास यांचा विचार एकत्र केलाय, आणि सुरुवातीलाच सांगितलंय की जीव घेणारे रोग पुष्कळ आहेत, पण हे दोन जितक्या झटपट घेतात तितके बाकीचे नाही. उचकीचे पाच प्रकार केलेत. त्यात महाहिक्का, गंभीरा असे जड प्रकार आहेत आणि अन्नजा, म्हणजे जेवणातून होणारी, आणि क्षुद्रा असे हलके प्रकारही. म्हणजे कुठली उचकी सोडून द्यायची आणि कुठलीला घाबरायचं हा भेद आपल्याकडे फार पूर्वीपासून होता. मग आजीच्या बटव्यात मोरपिसाची राख तेवढी कशी उरली, आणि तो भेद कुठे गळून पडला? "आयुर्वेदात आहे" म्हणून जे लोक राख देतात त्यांनी आयुर्वेदातली ती धास्तीही घ्यायला हवी ना! एकाच पुस्तकातलं औषध घ्यायचं आणि इशारा सोडून द्यायचा, हे काही बरोबर नाही.

हसण्याबद्दलही थोडं बोलू. उचकी हा विनोदी आजार आहे हे मला मान्य आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या अँथन गावच्या चार्ल्स ऑस्बोर्न यांना १९२२ मधे उचकी लागली ती थेट १९९० मधे थांबली, अडुसष्ट वर्षांनी. ते डुकराचं वजन करत होते तेव्हा सुरू झाली म्हणतात. विक्रमांच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे. आणि २००६ साली ज्या गमतीदार 'इग नोबेल' पारितोषिकांची चर्चा झाली, त्यात एक पारितोषिक न थांबणारी उचकी गुदद्वारात बोट घालून थांबवल्याबद्दल होतं. (हसा, मीही हसले. पण तीही व्हेगस नसच, आणि तो प्रयोग डॉक्टरांनी खऱ्या रुग्णावर केलेला होता.) ऑस्बोर्न यांनी या उचकीसकट संसार केला, मुलंबाळं वाढवली. पण त्या माणसाला अडुसष्ट वर्षं एक घास निवांत गिळता आला नसेल, त्याचं काय? तात्यांचे चार दिवस मी ऐकलेत. चौथ्या दिवशी त्यांच्या बरगड्या दुखत होत्या, डोळे आत गेले होते, आणि तरी आल्यागेल्याचा पहिला प्रश्न एकच होता, "कोण आठवण काढतंय ओ तात्या?" आजारी माणसाला जेव्हा कळतं की आपला आजार लोकांना गंमत वाटतोय, तेव्हा तो दुसरं दुखणं सांगायचं बंद करतो. तात्यांनी लघवीचं सांगितलं नाही याला लाज हे कारण होतंच, पण आजूबाजूला चाललेली चेष्टा हेही होतं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

यावर घरातल्याच काही मंडळींनी मला सुनावलं. एक मामी म्हणाली, "तुम्हा पुण्यात राहणाऱ्यांना काय, उठसूट डॉक्टर. आमच्याकडे उचकीसाठी दिवस मोडायचा म्हणजे म्हशींची धार कोण काढणार?" तिचं चूक नाही. इंदापूर तालुक्याच्या आतल्या गावातून बारामतीला यायचं म्हणजे एक गाडी, एक बरोबरचं माणूस, एक अख्खा दिवस आणि वर तपासण्यांचा खर्च. पण मामी, म्हणूनच तर ४८ तास म्हणतेय, पहिल्या उचकीला नाही! आणि खाजगीतच जायला हवं असंही नाही. इंदापूरला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला सिल्व्हर ज्युबिली आहे, २०१९ पासून बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. वर लिहिलेल्या पहिल्या तपासण्या काही मुंबईला जाऊन करायच्या नाहीत. शिवाय हिशेबच करायचा तर नीट करू. तात्या आणखी आठवडाभर घरी थांबले असते तर डायलिसिस लागलं असतं असं डॉक्टर म्हणाले. तो खर्च आणि ते दिवस कुणाच्या म्हशींनी भरून काढले असते?

दुसरा आक्षेप आमच्या एका डॉक्टर मित्राचाच. तो म्हणाला, "असं लिहिशील आणि उद्या साधी उचकी लागलेले पन्नास जण मेंदूचा स्कॅन मागतील." ही भीतीही खरी आहे. म्हणून पुन्हा सांगते. बहुतेक उचक्या काही मिनिटांत जातात, त्यांना कुणी काही करायची गरज नाही. दोन दिवसांच्या पुढे गेलेल्यांतही पुष्कळदा ॲसिडिटी किंवा एखादं औषध एवढंच निघतं. औषध बदललं, जेवण थोडं थोडं आणि सावकाश केलं, रात्रीचं जेवण लवकर घेतलं, तंबाखू-दारू सोडली की भागतं. कारण सापडत नाही किंवा कारणावर इलाज चालू असूनही उचकी छळते तेव्हा डॉक्टर औषधं देतात. क्लोरप्रोमाझिन हे त्यातलं सगळ्यात जुनं, शिवाय बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, मेटोक्लोप्रमाइड. प्रत्येकाचे आपापले धोके आहेत, वयस्कर माणसाला यातल्या काहींनी झापड येते, रक्तदाब उतरतो. यातलं कुठलंही औषध दुकानातून परस्पर आणायचं नाही. आणि ज्यांच्या घरी कॅन्सरचं किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना एक सांगते. अशा रुग्णाची उचकी "आता शेवट आला" असं समजून सोडून देऊ नका. मूळ आजार बरा होणार नसला तरी उचकी कमी करता येते, आणि त्या माणसाला एक रात्र शांत झोप मिळणं ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा बारामती-इंदापूरच्या माझ्या सगळ्या काका-मावश्या-आत्यांनो, आणि इथे वाचणाऱ्या बाकीच्या मित्रमैत्रिणींनो, उचकी लागली की नावं घ्या, साखर खा, पोरांना "भॉ" करू द्या. पण कधी सुरू झाली ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन दिवस झाले की निघा. निघताना गोळ्यांची पिशवी घ्या. झोपेतही उचकी येते का, लघवी किती होतेय, उलटी-जुलाब झालेत का, अलीकडे कुठलं इंजेक्शन किंवा ऑपरेशन झालंय का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. आणि आजारी माणूस घरातला कर्ता पुरुष असेल तर डॉक्टरांसमोर त्याला पाच मिनिटं एकटं सोडा. बायको, सून, पुतणी सगळ्यांनी बाहेर बसावं. जे आपल्यासमोर बोललं जात नाही ते त्या पाच मिनिटांत बोललं जातं.

आमच्याकडे आता काकूनं एक नियमच करून टाकलाय. दर महिन्याला ती तात्यांना सरळ विचारते, "लघवीचं काय?" सगळ्यांसमोर, अंगणात, मोठ्यांदा. तात्या चिडतात, पण उत्तर देतात.